मुद्दाम केलं की चुकून झालं? दावा टाकायच्या आधी हे वाचा

नागपुरात कोणाचाही वाद ऐका, ॲक्सिडेंट असो, बिल्डरचं लफडं असो नाहीतर नवराबायकोचं भांडण, पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, त्यानं मुद्दामून केलं". समोरच्याचंही ठरलेलं, "मी काय जाणूनबुजून थोडी केलं?". मग दोन्हीकडचे लोक महिनोन्महिने ह्याच एका मुद्द्यावर रक्त आटवतात, शेजाऱ्यांच्या साक्षी गोळा करतात, जुने मेसेज खोदून काढतात आणि तोवर खरे कामाचे कागद हातचे निघून जातात. मी कोर्टात रोज हे बघते आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यातल्या बऱ्याच प्रकरणांत कायदा हेतूचा प्रश्न विचारतच नाही. आणि जिथे विचारतो, तिथे हेच लोक काहीच पुरावा न आणता येतात.

म्हणून हे लिहितेय. तुमच्या केसचे कागद वकिलाला दाखवावे लागतीलच, पण जायच्या आधी काय विचारायचं आणि काय जमवायचं हे माहीत असलं तर निम्मं काम होतं.

आधी कागद घेऊन बसा

कोरा कागद घ्या आणि वर लिहा, मला नक्की काय पाहिजे. भरपाई? पैसे परत? घटस्फोट? पोटगी? मुलाचा ताबा? का समोरच्याला शिक्षा? बहुतेक लोकांना हे सगळं एकदम पाहिजे असतं, पण प्रत्येकासाठी सिद्ध करायची गोष्ट वेगळी आहे. शिक्षा पाहिजे असेल तर ते फौजदारी, तिथे बहुतेक वेळा हेतू दाखवावा लागतो किंवा मोठा निष्काळजीपणा, आणि तोही शंकेला जागा न ठेवता. पैसे पाहिजे असतील तर ते दिवाणी, तिथे "असंच झालं असण्याची शक्यता जास्त आहे" इतपत दाखवलं तरी भागतं. त्यामुळे ड्रायव्हर फौजदारी कोर्टातून सुटला म्हणून भरपाईचा दावा मरत नाही, सुप्रीम कोर्टानं १९८० मध्येच एन.के.व्ही. ब्रदर्सच्या केसमध्ये हे स्पष्ट केलंय, तरीसुद्धा आजही लोक "तो निर्दोष सुटला ना, आता काय" म्हणून घरी बसतात.

मग त्याच कागदावर खाली लिहा, माझ्या मागणीसाठी कायद्याला काय पाहिजे: हेतू, हलगर्जीपणा, का दोन्हीपैकी काहीच नाही. वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा. पुरावा कोणता जमवायचा हे पूर्ण ह्या उत्तरावर ठरतं.

ॲक्सिडेंट

रिंगरोडवर, वर्धा रोडवर, अमरावती रोडवर जे होतं त्यात कोणी कोणाला ठरवून उडवत नाही. मोटार व्हेइकल ॲक्ट १९८८ च्या कलम १६६ खाली दावा टाकताना हेतू लागत नाही, पण समोरच्याचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो. तो कशातून दिसतो? घटनास्थळ पंचनाम्यातून, ब्रेकच्या खुणांतून, गाडीला कुठल्या बाजूला मार आहे त्यातून, सीसीटीव्हीतून. साक्षीदारानं "लई स्पीडमध्ये होता" म्हटलेलं पंचनाम्यातल्या नकाशापुढे फिकं पडतं. म्हणून पंचनाम्याची नकल घ्या आणि घरी नीट वाचा, गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला दाखवलीय, डिव्हायडरपासून किती अंतर लिहिलंय, दिशा बरोबर आहे का. चूक वाटली तर लगेच लेखी अर्ज द्या, वर्षभरानं कोर्टात सांगून फार उपयोग होत नाही. चौकातल्या दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज तर काही दिवसांतच आपोआप पुसलं जातं, त्यामुळे दवाखान्यात पेशंटजवळ एक जण थांबला असेल तर दुसऱ्यानं त्याच दिवशी दुकानदाराकडे जावं.

पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत ट्रिब्युनलला, म्हणजे अपघात भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाला, द्यायचा असतो, २०२२ च्या नियमांत तसं आहे. तो गेला का ते ठाण्यात विचारत राहा. दावा अपघातापासून सहा महिन्यांत टाकायचा असतो, १ एप्रिल २०२२ पासून ही मुदत लागू आहे. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, त्यामुळे उशीर झाला असला तरी स्वतःच "आता संपलं" ठरवू नका, वकिलाला विचारा. आणि ॲक्सिडेंट दुसऱ्या जिल्ह्यात झाला, तुम्ही नागपुरात राहता, तर दावा इथेही टाकता येतो.

तुमचीही थोडी चूक असेल तर? दावा बुडत नाही, तुमच्या चुकीच्या प्रमाणात रक्कम कमी होते. इथे इन्शुरन्सवाले हमखास म्हणतात की हेल्मेट नव्हतं, ट्रिपल सीट होते, म्हणजे यांचीच चूक. ते एवढं सोपं नाही. मोहम्मद सिद्दीकच्या केसमध्ये २०२० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की ट्रिपल सीट बसणं हा नियमभंग झाला, पण त्या नियमभंगामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवल्याशिवाय भरपाई कापता येत नाही. मागून ट्रकनं ठोकलं असेल तर तीन जण बसले होते का दोन याचा धडकेशी काय संबंध? हा प्रश्न तुमच्या वकिलानं उलटतपासणीत विचारला पाहिजे.

पण दुसरी बाजूही सांगते. गाडी चालवणारा स्वतःच्याच चुकीनं गेला, दुसरी गाडीच नव्हती, तर १६६ मध्ये वारसांच्या हाती काही लागत नाही, जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं अशाच एका प्रकरणात भरपाई नाकारणारा निकाल कायम ठेवला. त्यासाठी पॉलिसीत मालक-चालकाचा पंधरा लाखांचा पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर असतो, तो चालू आहे का ते आजच बघून घ्या. लोक शेपाचशे रुपये वाचवायला तो काढून टाकतात.

जिथे चूक कोणी विचारत नाही

हा भाग लोकांना सगळ्यात कमी माहीत आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

त्याच मोटार कायद्यात कलम १६४ आहे. मृत्यू झाला तर पाच लाख, गंभीर दुखापत असेल तर अडीच लाख, आणि चूक कोणाची हे सांगावंही लागत नाही. फक्त एक धोका आहे, हे पैसे स्वीकारले की तुमची १६६ ची पिटीशन संपते. कमावता माणूस गेला असेल, वय कमी असेल तर १६६ मध्ये रक्कम कितीतरी जास्त होऊ शकते, म्हणून घाईत सही करू नका. उलट तुमच्या बाजूचा हलगर्जीपणाचा पुरावा कच्चा असेल तर १६४ बरं. गाडीच सापडली नाही, ठोकून पळाला, तर मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार, अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडे.

रेल्वेचं बघा. चालत्या गाडीतून पडून प्रवासी गेला तर रेल्वे म्हणते, तो दारात उभा होता, त्याचीच चूक. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १२४अ मध्ये ही सबब चालत नाही. आत्महत्या, स्वतः करून घेतलेली इजा, नशा, स्वतःचा गुन्हा, आजारपण असे मोजके अपवाद सोडले तर भरपाई द्यावीच लागते, मृत्यूला आठ लाख. तिकीट सापडलं नाही म्हणूनही दावा आपोआप जात नाही, रीना देवीच्या केसमध्ये २०१८ ला सांगितलंय की वारसानं प्रतिज्ञापत्र दिलं की पुढचं सिद्ध करायची जबाबदारी रेल्वेवर येते. रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनलचं खंडपीठ आपल्या नागपुरातच आहे, मुदत एक वर्ष.

विजेची तार तुटून कोणी गेलं तर वीज कंपनीनं "आमची काही चूक नव्हती, कोणीतरी आकडा टाकला होता" म्हणून सुटका होत नाही. मध्य प्रदेशच्या शैलकुमारीच्या केसमध्ये हाच बचाव होता, पावसात रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेला सायकलवाला लागला, आणि २००२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की इतकी धोकादायक वस्तू जो चालवतो त्यानंच नुकसान सोसायचं. इथे तुम्ही काय करायचं तर विद्युत निरीक्षकाकडे चौकशीचा अर्ज आणि त्यांच्या अहवालाची नकल, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, तारेचे फोटो. बस्स. कोणाची ड्युटी होती, लाइनमनचं नाव काय, ह्यात वेळ घालवू नका.

बुटीबोरी, हिंगणा एमआयडीसीत कामावर इजा झाली तरी तसंच. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून हे तत्त्व आहे, आता ते सोशल सिक्युरिटी कोडमध्ये आलंय. मालक म्हणेल हातमोजे घातले नव्हते, सेफ्टी गार्ड काढला होता, प्यायला होता. कामगाराचा मृत्यू झाला असेल किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर हे बचाव चालतच नाहीत. ठेकेदाराकडे होता म्हणूनही मुख्य मालक हात झटकू शकत नाही.

आणि आता तुमच्या अंगावर येऊ शकणारी गोष्ट. जुनी गाडी विकली, पैसे घेतले, चावी दिली, पण आरसी नावावर करून दिली नाही. दोन वर्षांनी त्या गाडीनं कोणाला उडवलं तर नोटीस तुम्हाला येते. नवीन कुमारच्या केसमध्ये २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कायद्याच्या नजरेत मालक म्हणजे आरसीवर ज्याचं नाव तो. तुम्ही त्या दिवशी शहरात नव्हता, गाडी कोण चालवत होतं माहीतही नाही, काही उपयोग नाही. म्हणून फॉर्म २९ आणि ३० भरून ट्रान्सफर ऑनलाइन दिसेपर्यंत पिच्छा सोडू नका. पोराच्या हातात गाडी देणाऱ्यांनाही तेच, कलम १९९अ मध्ये अल्पवयीन पोरानं गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. "मला माहीत नव्हतं" हे इथे तुम्हाला सिद्ध करावं लागतं, त्यांना नाही.

खड्ड्यांचं विचारतात लोक नेहमी. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं आदेश दिलाय, खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर सहा लाख, जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख. खड्ड्याचा फोटो मोजमापासकट आणि त्याच दिवशीचा घ्या, दुसऱ्या दिवशी मुरूम टाकून बुजवलेला असतो.

मांजा

संक्रांतीच्या आसपास हा प्रश्न येतोच. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये बंदी घातली, आणि हायकोर्टाच्या आपल्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून याचिका दाखल करून घेतलीय. समजा मानेवाड्याजवळ स्कूटीवाल्या मुलीचा गळा कापला, टाके पडले, आणि पतंग उडवणाऱ्या पोराचे वडील म्हणतात, "आमच्या पोराला काय कोणाचा गळा कापायचा होता का". नसेलच. पण दिवाणी दाव्यात प्रश्न तो नाहीच. रस्त्याच्या कडेला बंदी असलेला मांजा घेऊन उडवला तर कोणाला तरी इजा होईल हे साध्या समजदार माणसाला दिसायला पाहिजे होतं का, एवढाच प्रश्न, आणि त्याचं उत्तर सरळ हो आहे. इथली खरी अडचण वेगळी आहे, तो मांजा कोणाचा होता हे सापडत नाही. म्हणून जखमेचे सगळ्या बाजूंनी फोटो, अडकलेला मांजा पाकिटात जपून, तो कुठल्या गच्चीवरून आला याचा साक्षीदार आणि लगेच तक्रार. हेतूवर बोलण्यात एक मिनिटही घालवू नका.

पैशाचे व्यवहार

करार मोडला तर का मोडला हे कायदा सहसा विचारत नाही. करार कायदा १८७२ चं कलम ७३ म्हणतं की मोडल्यामुळे नेहमीच्या ओघात जे नुकसान झालं ते भरा. कळमन्यातल्या व्यापाऱ्याला संत्र्याचा माल पाठवतो म्हणून सांगितलं आणि नाही पाठवला, त्याला दुसरीकडून जास्त भावानं घ्यावा लागला, तर तो फरक द्यावा लागेल, तुमचा ट्रक बिघडला असेल तरी. पण त्यानंही नुकसान कमी करायचा प्रयत्न केला पाहिजे, हातावर हात ठेवून बसला आणि मग पूर्ण रक्कम मागितली तर मिळणार नाही.

बेसा, मनीषनगरकडे फ्लॅट बुक करून ताबा न मिळालेले कितीतरी जण आहेत. त्यांना वाटतं बिल्डरनं फसवलं हे दाखवावं लागेल. नाही लागत. रेराच्या, म्हणजे बिल्डरांवरच्या रिअल इस्टेट कायद्याच्या, कलम १८ मध्ये तारीख उलटली की व्याजासकट पैसे परत मागायचा हक्क आहे, आणि न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात २०२१ ला सुप्रीम कोर्टानं हा हक्क बिनशर्त आहे असं सांगितलंय. ॲग्रीमेंटमधली तारीख, भरलेल्या पैशाच्या पावत्या, एवढ्यावर काम होतं.

यूपीआयनं चुकून दुसऱ्याच नंबरवर पैसे गेले? करार कायद्यातच कलम ७२ आहे, चुकून आलेले पैसे घेणाऱ्यानं परत करायचे. त्यानं काही केलंच नाही हे खरं आहे, पण ठेवायचा हक्कही त्याला नाही. आधी बँकेत आणि ॲपवर तक्रार, मग लेखी नोटीस.

आता उलटं. उसने दिलेले पैसे बुडाले की लोक सरळ ठाण्यात जातात, फसवणुकीचा गुन्हा लावा म्हणून, आणि तिथे उत्तर मिळतं "ही सिव्हिल मॅटर आहे". लोकांना वाटतं पोलीस टाळून राहिले. कधीकधी टाळतातही. पण कायदा असा आहे की फसवणुकीसाठी पैसे घेताना, त्या क्षणीच, बुडवायचा इरादा होता हे दिसलं पाहिजे. नंतर धंदा बसला, नियत फिरली, तर तो वचनभंग, फसवणूक नाही. त्यामुळे सुरुवातीचाच पुरावा शोधा: खोटा सातबारा दाखवला होता का, एकच प्लॉट आधीच दुसऱ्याला विकलेला होता का, त्याच महिन्यात आणखी चार जणांना तीच गोष्ट सांगितली का. असं काही असेल तर फौजदारी करा. नसेल तर तीन वर्षांच्या आत वसुलीचा दावा टाका, तिथे त्याची नियत काढायची गरजच नाही. ठाण्याच्या चकरा मारण्यात तीन वर्षं संपलेली माणसं मी पाहिलीत आणि त्यांना सांगताना फार जड जातं.

चेक असेल तर अजून बरं. चेकच्या कायद्यात, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ मध्ये, "खात्यात पैसे असतील असं वाटलं होतं" हा बचावच नाही. चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला पंधरा दिवस, तरी नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. ह्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

हेतू जिथे खरोखर लागतो अशी अजून एक जागा म्हणजे खोट्या केसबद्दल भरपाई. तुम्ही सुटलात एवढं पुरत नाही. केस करायला वाजवी कारण नव्हतं आणि ती आकसानं केली, दोन्ही दाखवावं लागतं, आणि मुदत फक्त एक वर्ष.

दवाखाना

थोडक्यात सांगते. पेशंट गेला म्हणजे डॉक्टरची चूक असं कायदा मानत नाही. डॉक्टरवर फौजदारी करायला जेकब मॅथ्यू, २००५ च्या निकालाप्रमाणे फार मोठा निष्काळजीपणा लागतो. भरपाईसाठी ग्राहक आयोगात साधा निष्काळजीपणा पुरतो, त्या जागी दुसऱ्या सामान्य जाणकार डॉक्टरनं जे केलं असतं ते यांनी केलं नाही एवढं. पोटात स्पंज राहिला, डाव्याऐवजी उजवा पाय कापला, अशा ठिकाणी घटनाच सगळं सांगते. लेखी अर्ज देऊन केसपेपर मागा, ७२ तासांत द्यायचे असतात. मुदत दोन वर्षं. सगळ्यांना मोफत उपचार देणाऱ्या सरकारी दवाखान्याविरुद्ध ग्राहक आयोग चालत नाही, तिथे दिवाणी कोर्ट किंवा हायकोर्ट.

आता घरातलं

इथे लोक सगळ्यात जास्त दुखावलेले असतात आणि सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते. हिंदू विवाह कायदा १९५५ आपल्याकडच्या बौद्ध, जैन, शीख जोडप्यांनाही लागतो, नागपुरात हे मुद्दाम सांगावं लागतं. मुस्लिम, ख्रिश्चन आणि रजिस्टर म्हणजे स्पेशल मॅरेज ॲक्टची लग्नं, त्यांचे कायदे वेगळे.

घटस्फोट मागताना दोन कारणं सगळ्यात जास्त येतात, क्रूरता आणि सोडून जाणं. ह्या दोन्हींत हेतूचा नियम अगदी उलटा आहे आणि हे एवढं जरी लक्षात ठेवलं तरी वाचल्याचं चीज झालं.

क्रूरतेत हेतू लागत नाही. शोभा राणीच्या केसमध्ये १९८८ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्रास द्यायचा इरादा होता हे दाखवणं आवश्यक नाही, वागण्याचा परिणाम बघायचा. त्याच्याही आधी १९७५ ला दास्ताने विरुद्ध दास्ताने ह्या मराठी कुटुंबाच्या केसमध्ये ठरलंय की कौटुंबिक वादात शक्यतेचं पारडं कुठे झुकतं ते बघायचं, फौजदारीसारखा पक्का पुरावा नको. त्यामुळे अर्जात "ती मुद्दाम माझा अपमान करते", "तो जाणूनबुजून छळतो" अशी वाक्यं दहा वेळा लिहून काही मिळत नाही. त्याऐवजी असं लिहा: "दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या ऑफिसच्या गेटवर येऊन चार सहकाऱ्यांसमोर चोर म्हणाली, त्यानंतर मॅनेजरनं मला बोलावलं, मी आठवडाभर सुट्टीवर होतो, डॉक्टरांकडे झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या". दिवस, जागा, कोण होतं, आणि तुमच्यावर काय परिणाम झाला. मनात काय होतं ते कोर्टाला ठरवू द्या.

आणि एक, दास्तानेच्या केसमध्ये क्रूरता सिद्ध झाली तरी नवरा हरला, कारण त्यानंतरही ते नवराबायको म्हणून एकत्र राहिले, म्हणजे त्यानं माफ केलं असं धरलं गेलं. म्हणून भांडणानंतर परत नांदायला जात असाल तर जरूर जा, संसार वाचत असेल तर वाचवावा, पण नंतर परत त्रास झाला तर त्या नव्या घटना वेगळ्या लिहून ठेवा, नव्या त्रासानं जुना मुद्दाही परत जिवंत होतो.

इथे फौजदारीची कलमं मिसळू नका. सासरच्या छळाचं जुनं ४९८अ, आता भारतीय न्याय संहितेचं ८५ आणि ८६, त्यात जाणीवपूर्वक वागणं लागतं आणि पक्का पुरावा लागतो. तिथे सासरचे सुटले म्हणजे कौटुंबिक कोर्टात क्रूरता झालीच नाही असं होत नाही. तसंच सुटले म्हणजे बाईनं खोटी केस केली असंही आपोआप ठरत नाही, हे नवऱ्याकडच्यांनी समजून घ्यायला पाहिजे. खोटं होतं हे वेगळं दाखवता आलं तर मात्र तीच क्रूरता ठरते, तसे सुप्रीम कोर्टाचे निकाल आहेत.

आता सोडून जाणं. इथे हेतू हाच जीव आहे. बिपिनचंद्र शहांच्या केसपासून, म्हणजे पन्नाशीच्या दशकापासून, कायदा ठरलाय की वेगळं राहणं आणि संसार कायमचा सोडायचा इरादा, दोन्ही पाहिजे, आणि ते सलग दोन वर्षं, अर्ज टाकेपर्यंत. बायको बाळंतपणाला माहेरी काटोलला गेली आणि तिची आई आजारी पडली म्हणून वर्ष-दीड वर्ष राहिली, तर ते सोडणं नाही. नवरा पुण्याला नोकरीला गेला, ते पण नाही. म्हणून "अडीच वर्षांपासून माहेरी आहे" एवढ्यावर अर्ज टाकणारे हरतात. तुम्ही तिला बोलावलं का? कधी, कसं? तिनं काय उत्तर दिलं? "ये ना, पोराची शाळा सुरू होऊन राहिली" असा तुमचा मेसेज आणि त्यावर "मला यायचंच नाही, वकिलाशी बोल" असं उत्तर, हे दोन मेसेज दहा साक्षीदारांपेक्षा जड आहेत.

ज्याच्यावर हा आरोप आहे त्यानं उलट बाजू जपायची. मी यायला तयार होते, पण मारहाण थांबेल याची हमी मागितली, पोलिसांच्या भरोसा सेलला तक्रार केली, घराचं कुलूप बदललेलं होतं त्याचा फोटो. ज्यानं घरात राहणं अशक्य केलं, सोडून जाणारा तोच धरला जातो, घराबाहेर पाऊल कोणी टाकलं यावर ते ठरत नाही. आणि कलम २३ प्रमाणे स्वतःच्या चुकीचा फायदा घेऊन घटस्फोट मागता येत नाही.

चूक कोणाची ह्यात पडायचंच नसेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ब, परस्पर संमतीनं घटस्फोट. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं, मग सहा महिने थांबायचं, ते २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाप्रमाणे कोर्ट माफ करू शकतं. "संसार उरलाच नाही" एवढ्याच कारणावर घटस्फोट मात्र कौटुंबिक कोर्ट देऊ शकत नाही, तो अधिकार सुप्रीम कोर्टाचा आहे, २०२३ च्या शिल्पा शैलेशच्या निकालात तसं आहे.

पोटगीबद्दल नवरे हमखास म्हणतात, "तीच गेली, मग मी का देऊ". भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या १२५ मध्ये, पुरेशा कारणाशिवाय नांदायला नकार दिला किंवा व्यभिचारात राहत असेल तर पत्नीची पोटगी अडू शकते, हे खरं. पण पुरेसं कारण होतं का ते कोर्ट स्वतः तपासतं. नांदायला यायचा हुकूमनामा नवऱ्याच्या बाजूनं असला तरी पोटगी आपोआप बंद होत नाही, जानेवारी २०२५ मध्ये रीना कुमारीच्या केसमध्ये हे सांगितलंय. सोडून गेली म्हणून घटस्फोट झाला तरी घटस्फोटित पत्नी म्हणून ती पोटगी मागू शकते, रोहताश सिंग, २०००. म्हणून पोटगीच्या केसमध्ये तिच्या चारित्र्यावर पानंच्या पानं लिहू नका, उत्पन्नाचे कागद भरा. रजनेश विरुद्ध नेहा, २०२० पासून दोघांनाही मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, पोटगी त्यावर ठरते आणि अर्जाच्या तारखेपासून लागते. पोरांच्या पोटगीत तर आईबापाच्या भांडणाचा काडीचा संबंध नाही.

ताब्याचंही तसंच. कोण चुकलं हे नाही, पोराचं भलं कशात आहे हे बघतात. वाईट नवरा हा वाईट बाप असतोच असं नाही, बायकोचंही तेच. शाळेची फी कोण भरतं, लसीकरणाला कोण नेतं, पालकसभेला कोण जातं, हे दाखवा. पोराला समोरच्याविरुद्ध शिकवून आणलंत तर समुपदेशक दोन प्रश्नांत ओळखतात आणि मग तुमचंच नुकसान होतं.

पुरावा सांभाळायची रीत

मोबाइल बदलायचा असेल तर केस संपेपर्यंत जुना फोन तसाच ठेवा. स्क्रीनशॉटवर विसंबू नका, पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, मधले मेसेज गाळले की संशय येतो. मोबाइलमधला पुरावा कोर्टात द्यायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या, म्हणजे नव्या पुरावा कायद्याच्या, कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देतात. नवराबायकोचे लपून केलेले कॉल रेकॉर्डिंग चालतात का हे खूप जण विचारतात. जुलै २०२५ मध्ये विभोर गर्गच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं घटस्फोटाच्या प्रकरणात ते पुराव्यात घेता येतं असं सांगितलं. तरी चोवीस तास रेकॉर्डिंग करत बसू नका, घरातलं उरलंसुरलंही त्यात संपतं.

एक वही करा. तारीख, काय झालं, कोण होतं, कागद कुठे आहे. हेतूबद्दल तुमचं मत त्यात लिहायचं असेल तर वेगळ्या पानावर लिहा.

वकिलाचे पैसे नसतील तर सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात, न्यायमंदिरात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील फुकट मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची अट आहे. फोन करायचा तर १५१००. जाताना ओळखपत्र, घटनेच्या तारखेचा कागद आणि वर सांगितलेला तो कोरा कागद भरून न्या, म्हणजे तिथल्या वकिलाला पहिल्याच भेटीत कळेल की तुम्हाला काय पाहिजे आणि कशाची मुदत कधी संपतेय.